आजार एकच होता

"तुम्हाला डिप्रेशन आहे," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी बरंच वाटलं. डिप्रेशन म्हणजे मनाची उभारी जाणं. ते नुसतं दुःख नसतं. भूक, झोप, लक्ष, उमेद सगळं एकदम खाली बसतं आणि माणसाने कितीही ठरवलं तरी त्याच्या एकट्याच्या जोरावर ते वर येत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. माझ्या हालांना एक नाव आहे आणि त्या नावावर गोळ्या आहेत, एवढंच मला त्या क्षणी कळलं.

मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. ती मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. खाली मान घालून, जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. मॅडमनी हातातलं पेन ठेवलं आणि माझंच म्हणणं सावकाश, स्पष्ट शब्दांत मला परत विचारलं, "म्हणजे तुम्हाला स्त्रियांविषयी ओढ वाटत नाही, पुरुषांविषयी वाटते. अगदी शाळेपासून. बरोबर?"

मी मान हलवली.

"हा आजार नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी आमच्या पुस्तकांत तसं लिहिलेलं असे, आता नाही. अशा माणसाला होमोसेक्शुअल म्हणतात, म्हणजे समलिंगी. काही माणसं अशी असतात. याला औषध नाही, कारण औषधाची गरजच नाही."

हे वाक्य आज मी कोणालाही आनंदाने सांगेन. तेव्हा मात्र ते ऐकून मी आणखीच घाबरलो. जो आजार होता त्यावर औषध होतं. जो आजार नव्हता त्यावर काहीच नव्हतं, आणि वैशाखात माझं लग्न होतं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. तेव्हा मी पंचविशीत होतो. आम्ही मूळचे अंजूरकडचे, पण बाबा तरुणपणीच भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात लागले आणि आमचं बिऱ्हाड नारपोलीच्या एका चाळीत आलं. बाबा जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला लूम पुन्हा चालू करणारे कारागीर. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले, आणि तेव्हापासून चाळीत माझं नाव जनार्दन न राहता 'बीकॉम' झालं. पुढे मी एका पतपेढीत कारकून म्हणून लागलो. शिकलेला, नोकरीवाला, निर्व्यसनी मुलगा. आमच्या नात्यात अशा मुलाचं लग्न फार दिवस थांबत नाही.

दिवाळीनंतर खाडीकडच्या एका गावात सुपारी फुटली, म्हणजे चार वडीलधाऱ्यांसमोर लग्न पक्कं झालं. मुलगी दहावी शिकलेली, साधी होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. सुपारीच्या दिवशी तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती आणि आशा दोन्ही होत्या. त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

सुरुवातीला कोणालाच काही कळलं नाही, मलाही नाही. पहाटेच जाग यायची आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं. पतपेढीत साध्या बेरजा चुकू लागल्या. शर्ट खांद्यावरून उतरू लागले. आई माझ्या आवडीचं सुक्या बोंबलाचं कालवण करायची आणि मी ते ताटात इकडून तिकडे करत बसायचो. चाळीतले लोक गमतीने म्हणत, "बीकॉम, लगीन जवळ आलं तसा सुकायला लागलास, अजून तर बायको यायची हाय."

मग तपासण्या सुरू झाल्या. कावीळ आहे का म्हणून रक्त झालं, लघवी झाली. क्षयाची शंका म्हणून छातीचा एक्स-रे झाला. सगळं स्वच्छ आलं. टेमघरला दिलेल्या माझ्या मोठ्या बहिणीने, वनिताताईने, बाहेरची बाधा असेल म्हणून एका भगताकडून अंगारा आणला, तोही झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की काळजी करू नका, लग्न झालं की सगळं जागेवर येईल.

मला माहीत होतं, लग्न झालं की काहीच जागेवर येणार नाही. पण हे सांगायचं कसं? ज्या गोष्टीविषयी सांगायचं तिच्यासाठी माझ्याकडे शब्दच नव्हता. होते ते फक्त नाक्यावरच्या टिंगलीतले शब्द, आणि ते मी स्वतःविषयी आईसमोर उच्चारू शकत नव्हतो. सांगितलं असतं तर घर गेलं असतं. आई, बाबा, ताई, अंजूरची माणसं, सगळं. न सांगावं तर एका निरपराध मुलीचं आयुष्य जाणार होतं. सकाळी उठूच नये असं वाटण्यापर्यंत मी आलो होतो.

पतपेढीच्या मॅनेजरांनी बाबांना बोलावून, मुलाला ठाण्याला मनाच्या डॉक्टरकडे न्या, असं सांगितलं. आमच्या भागात 'ठाण्याला नेणं' म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. तिथे वेड्यांचं इस्पितळ आहे, म्हणून एखाद्याला वेडं म्हणायचं असेल तर लोक म्हणतात, याला ठाण्याला न्यायला पाहिजे. त्यामुळे आईने चाळीत सांगितलं की जनाची दाढ दुखते, कल्याणच्या दातांच्या डॉक्टरकडे जातोय. पुढे आमच्या फेऱ्या वाढल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला नळावर विचारलं, "किती दात हायत गं तुझ्या बीकॉमला? कवापासून काढतायत."

ठाण्याचा दवाखाना मला वाटला होता तसा नव्हता. लांब व्हरांडा, लाकडी बाकं, त्यावर बसलेली तुमच्याआमच्यासारखी माणसं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शेवटी एक कंपाउंडर माझं नाव पुकारायचा आणि मी आत जायचो. मॅडम नातेवाइकांना बाहेर बसवून पेशंटशी एकट्याने बोलत. बाबा बाहेरच्या बाकावर, दारासमोर बसत. दाराचा वरचा भाग काचेचा होता. मी मुद्दाम दाराकडे पाठ करून बसायचो.

त्याचं कारण सांगतो. तीस वर्षं लूमच्या आवाजात काढल्यामुळे बाबांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. घरात आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. पण कारखान्यात काम करणारी माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात. तिथे आवाजाचा उपयोगच नसतो. चालू लूमच्या दोन टोकांना उभं राहून ती भाव ठरवतात, थट्टा करतात, भांडतात. आम्हा मुलांनाही ते थोडंफार येतं. बाबांपासून काही लपवायचं असेल तर लहानपणी आम्ही तोंडासमोर हात धरायचो. म्हणून मी पाठ करून बसलो आणि निर्धास्त झालो.

मॅडमनी गोळ्या सुरू करण्याआधी ईसीजी काढायला लावला. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. या औषधाचा काही जणांच्या हृदयावर परिणाम होतो, म्हणून तो आधी बघतात. मग इमिप्रामिन नावाच्या गोळ्या सुरू झाल्या. या अँटिडिप्रेसंट गोळ्या, म्हणजे मनाची उभारी परत आणणाऱ्या. त्या लगेच गुण देत नाहीत हे मला आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्या आठवड्यात मी हताश झालो. तोंडाला कोरड पडायची, हात थरथरायचे, पोट साफ होत नसे. यांना साइड इफेक्ट म्हणतात, म्हणजे औषधाबरोबर येणारे नको असलेले परिणाम. तुमच्या बाबतीत हे झालं तर घाबरू नका आणि मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

दुसऱ्या फेरीला मी मॅडमना हात जोडले. कुठेतरी वाचलं होतं की विजेचे झटके देऊन अशा माणसाची आवड बदलतात. मी म्हणालो, मला तसं करा, दुखलं तरी चालेल, पण वैशाखाच्या आत मला बदला.

मॅडमनी माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाल्या, "असं करणारे लोक आहेत. माणूस त्याने बदलत नाही, फक्त जास्त घाबरतो. मी ते करणार नाही. तुम्ही घरात एका तरी माणसाला सांगा. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याला."

मी परतलो आणि कोणालाच सांगितलं नाही.

गोळ्यांनी हळूहळू काम केलं. झोप लागू लागली, थोडी भूक येऊ लागली. आईला वाटलं पोरगा सुधारला, आणि तिने हळदीच्या मांडवाचं बोलणं काढलं. माझं मात्र वेगळंच झालं होतं. आधी मी इतका बधिर होतो की भीतीही नीट वाटत नव्हती. आता भीती वाटण्याइतका मी बरा झालो होतो. पत्रिका छापायला गेल्या. मी रोज पतपेढीत जायचो, रोज परत यायचो, आणि तारीख आपल्या चालीने जवळ येत होती. तिला थांबवायला माझ्या हातात काही नव्हतं.

त्या दिवसांत बाबा माझ्याशी फार कमी बोलत. ते मुळातच कमी बोलणारे, त्यामुळे मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

चैत्रातल्या एका दुपारी आई म्हणाली, आज बाबांचा डबा तू नेऊन दे, त्यांनीच सांगितलंय. मला नवल वाटलं. मी कॉलेजात गेल्यापासून बाबांनी मला कारखान्यात पाय ठेवू दिला नव्हता. तिकडची हवा आपल्या मुलाला लागू नये असं त्यांना वाटे.

मी डबा घेऊन आत गेलो. आवाजाने कानाचे पडदे हलत होते, हवेत कापसाचं तूस उडत होतं. बाबांचे जुने सोबती खालिदभाई एका लूमवर होते. त्यांनी लांबूनच ओठ हलवून विचारलं, "क्या बीकॉमसाहब, आज इधर ड्युटी लगी?" आणि स्वतःच हसले. बाबांनी मला खुणेने मागच्या भिंतीकडच्या दोन लूमच्या मध्ये बोलावलं. तिथून दुसऱ्या कोणाला आमची तोंडं दिसत नव्हती. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि आवाज न काढता बोलले.

"डॉक्टरीण बोलली ते मी बघितलं."

मला वाटलं, मी चुकीचं समजलो. मी हातानेच विचारलं, काय?

"काचेतून. पयल्याच दिवशी. तुझी पाठ होती. तिचं तोंड माझ्याकडं होतं."

मी हातातला डबा खाली ठेवला. मी माझं तोंड जपलं होतं आणि मॅडमचं विसरलो होतो. माझा शब्द न् शब्द त्यांनी स्वच्छ करून परत विचारला होता, आणि काचेपलीकडे बसलेल्या बाबांनी तो पाहिला होता. म्हणजे माघापासून त्यांना माहीत होतं. एसटीत माझ्या शेजारी बसून आले तेव्हा माहीत होतं. पत्रिकेचा मजकूर मी वाचून दाखवला तेव्हा माहीत होतं.

"तू सांगशील म्हणून थांबलो," ते म्हणाले. "आता टाइम न्हाय."

मी रडायला लागलो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "रड. हिथं कोणाला ऐकू येत न्हाय." आणि थोड्या वेळाने, "लगीन मी मोडतो. ती पोर कोणाची तरी हाय. तिला फसवायची न्हाय."

मी विचारलं, आईचं काय?

"तिला पन मी हिथंच बोलवून सांगीन. घरात भिंतीला कान हायत."

मग ते लूमकडे वळले. एक धागा तुटला होता, तो त्यांनी सवयीने जोडला. पुन्हा माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मना ह्ये समजत न्हाय. समजंल का न्हाय, ते पन ठाव न्हाय. पन डॉक्टरीण बोलली, आजार न्हाय. तर न्हाय. तू जेव नीट."

हे सगळं बोलणं आवाजाशिवाय झालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं, आणि ते मला फक्त दिसलं.

दोन दिवसांनी बाबा सुपारीला हजर असलेल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन मुलीच्या गावी गेले. मोडायचं तर कारण द्यायला हवं होतं, आणि खरं कारण देता येत नव्हतं. मुलीत खोट आहे असं कोणी म्हणू नये म्हणून बाबांनी आमच्याकडची गोष्ट उघडी केली. त्यांनी सांगितलं की माझ्या मुलाला मनाचा आजार आहे, ठाण्याला औषध चालू आहे, तुमची मुलगी चांगली आहे, दोष आमचा आहे. जी गोष्ट लपवण्यासाठी आईने दातांचं निमित्त केलं होतं ती बाबांनी दुसऱ्याच्या ओटीवर बसून स्वतः सांगितली.

तिथे काय झालं ते मला बरोबर गेलेल्या काकांकडून कळलं. मुलीच्या मामाने बाबांना, वेडा पोरगा आमच्या गळ्यात मारत होतास, इथपासून नको नको ते सुनावलं. बाबा पदर पसरल्यासारखे हात पुढे करून बसून होते. घरी आल्यावर ताईने ओरडून विचारलं, "काय काय बोलले ते लोक?"

बाबा चप्पल काढत म्हणाले, "ऐकू कुठं आलं मना?"

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. चाळीत मी बीकॉमचा 'ठाणेवाला' झालो. अंजूरच्या एका हळदीला आम्हाला बोलावणं आलं नाही. बाबांनी कारखान्यात बोलावून सांगितल्यापासून आईने माझ्याशी बोलणं टाकलं. ती ताट वाढायची आणि वळायची. तिच्या रागापेक्षा तिचं ते वळणं मला जास्त लागायचं, पण तिला समजावण्याचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटत नव्हतं. ताईला मी स्वतः सांगितलं. ती आधी हबकली, मग म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर भगताकडे तरी गेले नसते रे, दोन बसा बदलून जावं लागतं."

पावसाळ्याच्या शेवटी आई स्वतःहून म्हणाली, मला त्या डॉक्टरीणबाईंकडे ने. मॅडमसमोर बसल्यावर तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं की जना पोटात होता तेव्हा मी कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरायला जात होते, शेवटच्या महिन्यापर्यंत. त्या आवाजाने याच्यात असं झालं का? मग मला कळलं की इतके महिने ती माझ्यावर रागावलेली नव्हती. ती स्वतःला दोष देत होती.

मॅडम म्हणाल्या, "अहो आई, तसं असतं तर अर्धी भिवंडी अशी झाली असती."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसताहसताच तिला रडू फुटलं. मॅडमनी तिला सांगितलं की हे कोणाच्या चुकीने होत नाही, तुमच्या नाही, त्याच्याही नाही. आईला ते सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. पण परत येताना एसटीत तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या का नंतर, ते मला नीट सांग.

मी पूर्ण बरा व्हायला दोन वर्षं लागली. मध्ये एकदा, आता बरं वाटतंय म्हणून मी मनानेच गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा खाली गेलो. त्याला रिलॅप्स म्हणतात, म्हणजे आजार उलटणं. बाबांनीच ते ओळखलं. मी ताटातलं अन्न पुन्हा इकडून तिकडे करू लागलो होतो. दुसऱ्या दिवशी ते शिफ्ट सोडून मला ठाण्याला घेऊन गेले. नंतर गोळ्या मॅडमच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी झाल्या आणि बंद झाल्या. ती मुलगी पुढच्याच वर्षी चांगल्या घरी पडली असं ऐकलं. ऐकून मी घरातल्या देवासमोर बराच वेळ बसलो.

मी हे लिहितोय ते माझ्यासारख्या कोणासाठी तरी, आणि त्याहून जास्त त्याच्या आईबापासाठी. तुमचा मुलगा कारण नसताना सुकत असेल तर टॉनिक आणि लग्न या दोन्ही गोष्टींची घाई करू नका. त्याला मनाच्या डॉक्टरकडे न्या, मग ते ठाणे असो की आणखी कुठे. तो काही सांगू लागला तर सगळं समजलंच पाहिजे असं नाही. माझ्या बाबांना आजही समजलेलं नाही, आणि ते तसं सांगतात. त्या मॅडमचे आणि माझ्या घरच्यांचे उपकार मी कोणत्या तोंडाने मानू? माझी लाचारी सगळी गेली असंही नाही. कोणी विचारलं की लग्न का नाही केलंस, तर मी अजून आजारपणाचंच कारण सांगतो. खरं सांगण्याची हिंमत या गावात अजून मला नाही, म्हणून इथली नावंही मी बदलली आहेत.

बाबा आता निवृत्त झालेत. कारखाना सुटला तसे ते आणखी गप्प झालेत. गेल्या महिन्यात एका रविवारी ते बाहेर गेले होते आणि आई तांदूळ निवडत होती. मी पेपर वाचत होतो. मान वर न करता ती म्हणाली, "जना, तुझं कोणी हाय का?"

कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी म्हणालो, नाही.

"झालं तर घरी आण जेवाला," ती म्हणाली. "बाहेरचं नका खाऊ, तुना पित्त होतं."

मी पेपर बाजूला ठेवला आणि तिच्यासमोर बसून तांदळातले खडे काढू लागलो.